मोठी मालिका हातात घेण्याआधी

कोल्हापूर

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. रंकाळ्यावर तुमच्या गटात फॅन्टसी कादंबऱ्यांवरून झालेली वादावादी तू इतकी बारकाईनं लिहिली आहेस की कोण कुठल्या सुरात बोललं असेल तेही मला ऐकू आलं. एकजण म्हणतो, एपिक फॅन्टसी, म्हणजे सगळ्या जगाच्या भवितव्याची भव्य अद्भुतकथा, हीच खरी, बाकीचं सगळं तिचं पाणी घातलेलं रूप. दुसरीला राजे, भाकितं आणि निवडलेला नायक यांचा वीट आलाय, तिला ग्रिमडार्कशिवाय, म्हणजे काळोख्या, निष्ठुर फॅन्टसीशिवाय, काही वाचवत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, हा सगळा प्रकारच साहेबांचा, आपला नव्हेच. आणि शेवटी तू मला दोन गोष्टी विचारल्या आहेस: यातलं बरोबर कोण, आणि सुट्टीत लांबलचक मालिका धरायची तर कुठली.

आधी वादाचं बघू. वाद घालू नका असं मी मुळीच सांगणार नाही. आवडीच्या पुस्तकावरून रात्री उशिरापर्यंत भांडणारी मुलं या गावात आहेत याचा मला फार आनंद आहे. फक्त भांडण कशासाठी आहे ते ठरवून घ्या. खासबागेत कुस्ती लावताना आधी जोड बघतात. जोड बघणं म्हणजे निकाल देणं नव्हे. कुणासमोर कुणाला उभं करणं रास्त आहे, एवढंच त्यातून ठरतं. एपिक, ग्रिमडार्क अशा उपप्रकारांचं काम तेवढंच आहे. रॉबर्ट हॉवर्डचा कोनॅन 1932 च्या डिसेंबरात ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात पहिल्यांदा आला. एका बैठकीत संपणारी कथा, एक तलवार, एक मांत्रिक, आणि पणाला लागलेला असतो तो त्या एका माणसाचा जीव किंवा त्याचं सिंहासन. तिला टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’समोर उभं करून ‘हिच्यात जगाचा इतिहास कुठाय?’ म्हणून विचारायचं, ही जोडच चुकली. आणि गंमत बघ, या जातीच्या कथांना ‘सोर्ड अँड सॉर्सरी’, तलवार आणि जादूटोणा, हे नाव फ्रिट्झ लायबर या लेखकानं सुचवलं 1961 मध्ये. तोवर हॉवर्डला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. लिहिणाऱ्यांनी आधी लिहिलं, खणांवरच्या चिठ्ठ्या मागाहून चिकटल्या.

म्हणून पुस्तकात ड्रॅगन आहे का, राजवाडा आहे का, यावरून मी कधी उपप्रकार ठरवत नाही. मी बघतो पणाला काय लागलंय, आणि जादूची किंमत कोण चुकवतं. एपिकमध्ये सगळं जग पणाला असतं आणि किंमत अख्खी पिढी चुकवते. ग्रिमडार्कमध्ये जग वाचलं तरी वाचवणारे हात स्वच्छ राहत नाहीत. जो अॅबरक्रॉम्बीच्या ‘फर्स्ट लॉ’ मालिकेतला ग्लोक्टा आठव: एकेकाळचा देखणा तलवारबाज, शत्रूच्या कैदेत छळानं मोडलेला, आणि आता स्वतःच लोकांचा छळ करून कबुल्या काढणारा. त्याच्याविषयी कणव वाटते आणि त्या कणवेची लाजही वाटते. तुझ्या मैत्रिणीला काय आवडतं ते मला कळतं. पण रक्त आणि शिव्या म्हणजे ग्रिमडार्क असं तिनं समजू नये. अॅबरक्रॉम्बी मोठा आहे तो ग्लोक्टाच्या मनामुळे.

अर्बन फॅन्टसीवर, म्हणजे आजच्या शहरात घडणाऱ्या अद्भुतकथांवर, तुमच्यात कुणी बोललंच नाही, याचं नवल वाटलं. जिम बुचरची ‘ड्रेस्डन फाइल्स’ 2000 पासून चालू आहे. शिकागोत राहणारा जादूगार, फोनच्या पुस्तकात ‘जादूगार’ म्हणून नाव छापलेला, भाडं थकलेला. पहिले एकदोन भाग साधेच आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. पण महाद्वार रोडच्या गर्दीत एखादा यक्ष उभा करायचा तुझा विचार अजून असेल, तर रोजच्या रस्त्यात अद्भुत कसं मिसळायचं ते तिथं शिकायला मिळेल.

आता तिसऱ्याचा मुद्दा, ‘हे आपलं नव्हे’. त्याला गुणाढ्याची गोष्ट सांग. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला हा माणूस. त्यानं ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली. राजानं ती झिडकारली, तेव्हा तो रानात गेला आणि एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. हरणं, डुकरं चरायचं विसरून भोवती ऐकत बसली. राजा धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही आख्यायिका कथासरित्सागरातच आहे, आणि तो ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्या उरलेल्या कथेच्या आधारानं रचला. विद्याधर, शाप, आकाशात उडणारी यंत्रं, गोष्टीच्या पोटात गोष्ट, आणि या सगळ्यातून विद्याधरांचा चक्रवर्ती होणारा नरवाहनदत्त. वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्यातच. मराठीत नाथमाधवांची ‘वीरधवल’ आहे, आणि पुढे नारायण धारप आहेत. धारपांचा समर्थ कथेमागून कथेत परत येतो आणि साध्या मध्यमवर्गीय घरात शिरलेल्या अमंगळाशी झुंजतो. ही मालिकाच झाली की! धारपांना फक्त भयकथेच्या खणात ठेवणं मला कधीच पटलं नाही.

मात्र त्याच्या नादानं उलट टोकाला जाऊन महाभारताला फॅन्टसी म्हणू नका. फॅन्टसीत जगाचे नियम लेखक घडवतो आणि शेवट वाचकाला माहीत नसतो. पुराणकथा नव्यानं सांगणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला धरून ठेवायचं असतं. ती निराळी कारागिरी आहे. आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ 1967 चं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे आपापल्या तोंडानं बोलतात. ते तू वाचलंयस, म्हणून ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनची प्रत्येक प्रकरणाला माणूस बदलणारी रीत तुला जड जाणार नाही.

आता मालिकेकडे वळू. लांबी हा काही गुण नव्हे. तीन खंडांत मावणारी गोष्ट दहा खंडांत ताणलेली मी पुष्कळ वाचली आहे. लांब मालिका तेव्हाच घ्यावी, जेव्हा ती लांबी असं काही करते जे एका पुस्तकाला साधणार नाही. बहुतेक वेळा ती गोष्ट म्हणजे काळ. पात्रांचा काळ, आणि लेखकाचाही.

म्हणून माझी पहिली शिफारस अर्सुला ली ग्विनच्या ‘अर्थसी’ची. तुझे मित्र म्हणतील, सहा बारकी पुस्तकं, ही कसली लांब मालिका? पानं मोजू नका, वर्षं मोजा. पहिलं पुस्तक 1968 चं, तिसरं 1972 चं. मग अठरा वर्षं काही नाही. 1990 मध्ये चौथं आलं, ‘टेहानू’, आणि 2001 मध्ये शेवटची दोन. पहिल्या तीन पुस्तकांत रोक बेटावर जादूगारांची शाळा आहे. तिथं फक्त मुलगे शिकतात, आणि बायकांची जादू दुबळी किंवा दुष्ट, अशी म्हणच त्या जगात आहे. ली ग्विननं ते जग उभं करताना हे तसंच चालू दिलं. अठरा वर्षांनी ती स्वतःच्या जगात परतली आणि विचारलं, असं का? ‘टेहानू’त नायिका आहे मध्यमवयीन विधवा तेनार, हातात शेतीची कामं, आणि तिच्या आश्रयाला आलेली भाजलेली एक लहान मुलगी. लढाया नाहीत. पहिल्या पुस्तकांवर जीव असलेले काही वाचक तेव्हा नाराज झाले. माझ्या मते फॅन्टसीत याहून धाडसाचं काम फार थोड्यांनी केलंय. बेटं, नावं, ड्रॅगन तेच ठेवून लेखिकेनं वाचकाला आधी विश्वास ठेवायला लावलेली गोष्ट तपासायला लावली. एकट्या पुस्तकाला हे जमलंच नसतं. आणि हो, त्या जगातले बहुतेक लोक सावळे आहेत, नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा. ‘साहेबांचं’ म्हणणाऱ्याला हेही सांग.

दुसरी शिफारस रॉबिन हॉबची. 1995 ते 2017, एकाच जगातली सोळा पुस्तकं. त्यातल्या तीन त्रयी फिट्झ नावाच्या माणसाच्या. राजपुत्राचा अनौरस मुलगा, सहा वर्षांचा असताना किल्ल्याच्या दारात आणून सोडलेला, आणि छुपा मारेकरी म्हणून वाढवलेला. तो स्वतः सांगतो, आणि आपण त्याच्याबरोबर म्हातारपणाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. तरुणपणी केलेल्या हट्टाचं फळ त्याला कैक पुस्तकांनंतर भोगावं लागतं, तेव्हा ते आपल्याही अंगावर येतं, कारण तो हट्ट आपण त्याच्यासोबत केलेला असतो. मधली ‘लाइव्हशिप ट्रेडर्स’ ही जहाजांची त्रयी अनेकजण फिट्झच्या ओढीनं गाळतात. गाळू नकोस. पुढच्या पुस्तकांचे धागे तिथं आहेत, आणि त्या बायका हॉबनं फार ताकदीनं लिहिल्यात.

‘व्हील ऑफ टाइम’ घ्यावी की नाही, हे तू खास विचारलंयस. घे, पण डोळे उघडे ठेवून. चौदा खंड, 40 लाखांहून जास्त शब्द. पहिला 1990 चा. रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेला, आणि त्यानं ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं शेवटचे तीन खंड लिहून 2013 मध्ये मालिका पुरी केली. या जगात जादूच्या शक्तीचा पुरुषी भाग नासलेला आहे. ती वापरणारा पुरुष वेडा होत जातो. त्यामुळे जगाचा तारणहार आणि जगाचा धोका एकच माणूस. या एका कल्पनेवर मालिका तगते. सातव्या-आठव्या खंडापासून दहाव्यापर्यंत मात्र गाडी रुतते. तिथं भराभर वाचलंस तरी चालेल, अपराधी वाटून घेऊ नकोस. अकरावा पुन्हा वेग धरतो.

स्टीव्हन एरिक्सनची ‘मॅलझन’ शेवटी ठेव. 1999 ते 2011, दहा खंड. एरिक्सन पुरातत्त्व आणि मानवशास्त्र शिकलेला माणूस, आणि ते पानापानावर कळतं: राज्यांखाली राज्यं, हाडांखाली हाडं. पहिल्या खंडात तो काहीच समजावून सांगत नाही. दुसऱ्यात तर भूखंडच बदलतो आणि बरीचशी माणसंही. पण त्याच दुसऱ्यात हजारो निर्वासितांना घेऊन शत्रूच्या मुलखातून चाललेल्या फौजेची वाटचाल आहे. युद्धाविषयी मी वाचलेल्या सगळ्यात दुखऱ्या लिखाणात ती बसते.

मार्टिनची मालिका अपुरी आहे म्हणून हात लावणार नाही, असं तू लिहिलंयस. पाचवा खंड 2011 चा, सहावा अजून नाही, हे खरं. तरी पहिले तीन वाच. तिसऱ्याच्या शेवटी इतकं काही पुरं होतं की तिथं थांबलीस तरी फसवणूक झाल्यासारखं वाटणार नाही.

या सगळ्या जड खंडांच्या मधेमधे टेरी प्रॅचेटचं ‘डिस्कवर्ल्ड’ ठेव. एकेचाळीस कादंबऱ्या, 1983 ते 2015, आणि क्रमानं वाचायची सक्ती नाही. पहिल्यापासून सुरू करू नकोस. ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून कर, 1989 चं. शहराच्या रखवालीचा दारुडा कप्तान सॅम व्हाइम्स पुढच्या पुस्तकांत कसा घडत जातो ते बघ. व्हाइम्सच्या पुढच्याच पुस्तकात, ‘मेन अॅट आर्म्स’मध्ये, तो बुटांचा हिशेब मांडतो: श्रीमंत माणूस एकदाच भारी जोडी घेतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते, गरीब दरवेळी स्वस्तातली घेत राहतो, त्याचे पैसेही जास्त जातात आणि पायही ओलेच राहतात. हसता हसता गरिबीचं असं गणित मांडणाऱ्या लेखकाला तुमच्या वादात कुणी ‘विनोदी, म्हणून हलका’ म्हटलं, तर तिथं मात्र जोरात भांड.

तुझी एक भीती तू कंसात लिहिलीस, पण मला तीच महत्त्वाची वाटली: मराठी माध्यमात शिकले, इतकं इंग्रजी झेपेल का? झेपेल. ‘अर्थसी’चं इंग्रजी स्वच्छ आणि तालबद्ध आहे, म्हणूनही ती पहिली. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नकोस. तोच शब्द तीनदा आडवा आला तर बघ. नावांसाठी एक वही कर: कोण, कुणाचा, पहिल्यांदा कुठं दिसला. नकाशा असेल तर त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेव. जमलं तर ली ग्विनचं रोज एक पान मोठ्यानं वाच. आणि टोल्कीन इंग्रजीतून अवघड गेला, तर ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं तो मराठीत आलेला आहे. अनुवाद वाचण्यात कमीपणा मानू नकोस. खांडेकरांच्या गावात राहून, करवीर नगर वाचन मंदिराच्या कपाटांसमोर वाढून, मराठीतून जग वाचायला कुणी लाजू नये असं मला मनापासून वाटतं.

धारप आणि कथासरित्सागर वाचनालयात विचार. ‘अर्थसी’चे पहिले तीन भाग माझ्याकडे आहेत, रविवारी सकाळी घरी येऊन घेऊन जा. ‘टेहानू’ मी लगेच देणार नाही. तिसरं संपल्यावर काही दिवस जाऊ देत. त्या जगातल्या बायका कुठं आहेत, हे तुझं तू आधी एका कागदावर लिहून आण, मग चौथं ने. येताना त्या ग्रिमडार्कवाल्या मैत्रिणीलाही आण, ग्लोक्टावर मला तिच्याशी बोलायचंय.

तुझे,
सर