कॉर्गीचं पिल्लू आणलंय? आधी पाठ सांभाळा

अभिनंदन! पहिले काही महिने करामती शिकवायच्या मागे लागू नका.

सगळ्यात आधी पाठ. कॉर्गी जातीच्या कुत्र्यांचा कणा लांब, पाय आखूड. त्यामुळे जिने आणि सोफ्यावरून उड्या वर्षभर तरी बंद. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी सरळ. पुढचे पाय धरून उचलणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

टाचा चावतंय म्हणून मारू नका. वेल्समध्ये ही जात गुरांच्या टाचांना चावे घेतच त्यांना हाकायची. तुम्ही पळालात तर त्याला खेळच वाटेल. जागच्या जागी थांबा, दोरीचं खेळणं पुढे करा, ते धरलं की लगेच शाबासकी.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत फिरवून आणा. केस भादरू नका, त्यांचा दुहेरी थर (डबल कोट) उन्हापासूनही वाचवतो. दोन-तीन दिवसांआड ब्रश पुरे.

आणि बेदाणे! तासगावचा बेदाणा आपल्याकडे घरोघरी असतो, पण द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, थोडे खाल्ले तरी. डबा वरच्या फळीवर ठेवा, पोरांनाही बजावून सांगा. खाल्लेच, तर उलटीची वाट न बघता तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.