मुलीच्या जुलाबावर आधीचं अँटिबायोटिक आता चालत नाही, शरीराला सवय झाली का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तीन वर्षांची आहे, दर वेळी जुलाब झाले की घरात असलेलं तेच सिरप द्यायचो, दोन दिवसात बरी व्हायची, या वेळी मात्र काही फरक नाही. मी डॉक्टर नाही, इथे पुण्यातच एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला आहे, स्टूल कल्चर लावणं, म्हणजे शौचाच्या सॅम्पलमधले जंतू वाढवून बघणं, हे माझं रोजचं काम, त्यामुळे तेवढ्यापुरतंच सांगते.

सवय मुलीला होत नाही, जंतूंना होते. पण तुमच्या केसमध्ये तेही नसावं असं मला वाटतं, कारण त्या सिरपने आधी तरी काही केलं असेल का याचीच शंका आहे. लहान मुलांचे जुलाब बहुतेक वेळा व्हायरसचे, रोटा नाहीतर नोरो, आणि व्हायरसला अँटिबायोटिकने काडीचाही फरक पडत नाही. आपण एक-दोन दिवस वाट बघून बाटली उघडतो, जुलाब तसेही आपोआप थांबायलाच आलेले असतात आणि क्रेडिट सिरपला जातं.

आता रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंना औषध न लागणं, खोटा आहे असं नाही हां. रक्त आणि आव पडते त्यात शिगेला नावाचा जंतू असू शकतो, त्यावर पूर्वी नॅलिडिक्सिक ॲसिड द्यायचे, ते चालेनासं झालं, मग २००५ मध्ये डब्ल्यूएचओने सिप्रोफ्लॉक्सासिन सांगितलं आणि आता आपल्या भागात कल्चरमध्ये ठेवलेल्या सिप्रोच्या डिस्कभोवतीही (औषध लावलेली कागदाची टिकली) बऱ्याचदा झोनच, म्हणजे जंतू मेल्याची मोकळी जागाच, दिसत नाही, जंतू टिकलीला चिकटून मजेत वाढतोय. २०२५ ला सिंहगड रोडला जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली त्यात ज्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचं नाव गाजलं त्याचंही सिप्रोच्या बाबतीत हेच रडगाणं आहे. टायफॉइडचं तर विचारूच नका, पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शनसुद्धा फेल, तोंडाने घ्यायचं म्हटलं तर ॲझिथ्रोमायसिनच काय ते उरलं.

गरज नसताना दिलेला डोस वाया जातो एवढंच असतं तर ठीक होतं. पोटात साधे, निरुपद्रवी ई. कोलाय असतात, त्यातले औषधाला मरणारे मरतात आणि न मरणारे कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने मुक्काम ठोकतात, वर स्वतःचा रेझिस्टन्सचा जीन प्लाझ्मिडवरून (जंतूंमधला डीएनएचा सुटा तुकडा) दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. आणि मुलींना लघवीचं इन्फेक्शन होतं ते बहुतेक याच पोटातल्या ई. कोलायमुळे, म्हणजे जुलाबाला दिलेल्या सिरपची किंमत पुढे युरिन कल्चरच्या रिपोर्टवर 'आर'ची (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू नाही) रांग बघून कळते. शिवाय अँटिबायोटिकने स्वतःच जुलाब होतात, या वेळी लांबलेत त्याला कदाचित तेही कारण असेल, तर काय दिलं आणि किती दिवस दिलं ते डॉक्टरांना लपवू नका.

घरी ओआरएसचं पाकीट, अख्खं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात (मोठं असेल तर एक लिटर, छोटं असेल तर २०० मिली), अर्धं अर्धं करून अंदाजाने नको. टेट्रापॅकमधली गोड सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे, २०२५ मध्ये एफएसएसएआयने (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) त्यांना ते नाव लावायला बंदी घातली ते उगाच नाही. झिंक १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं, आणि खाणं चालू ठेवायचं, आजी कितीही म्हणाली लंघन करू दे तरी.

रक्त पडलं, ताप चढला, सहा-आठ तास शू झाली नाही, सगळंच उलटून पडतंय किंवा पोर मलूल पडली तर उद्यावर ढकलू नका, लगेच दाखवा. डॉक्टरांनी स्टूल कल्चर सांगितलं तर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी सॅम्पल घ्या, डायपरमधलं खरवडून नको, त्यात शू मिसळलेली नको, आणि तास-दोन तासात लॅबला पोचवा. शिगेला बाहेर फार नाजूक, लवकर मरतो, सकाळचं सॅम्पल संध्याकाळी ऑफिसवरून येताना दिलं की आम्हाला काही सापडत नाही. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर काय द्यायचं ते डॉक्टर बघतील, सेन्सिटिव्हिटीचा कागद (कोणतं औषध लागू आहे, कोणतं नाही याची यादी) मात्र नीट जपून फॉलोअपला न्या, कारण चालू औषधापुढे 'आर' आला असेल तर बदलायचं की नाही ते त्यावरूनच ठरतं.