घाटात गप्प झालेला पंखा

प्रश्न : माझी २०११ सालची डिझेल जीप आहे. चिपळूण-कराड अशा आठवड्याला दोन फेऱ्या होतात. सपाटीला काही त्रास नाही, पण कुंभार्ली घाट निम्मा चढला की टेम्परेचरचा काटा वर जातो. कूलंट भरलेलं आहे, थर्मोस्टॅट नवा टाकलाय. आमचे मेकॅनिक म्हणतात, क्लचचा पंखा काढून इलेक्ट्रिक बसवू, ॲव्हरेजही वाढेल. बसवू का? आणखी एक, पूर्वी घाटात पंख्याचा मोठा घोंगाट यायचा, तो हल्ली येत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत. तो घोंगाट बंद झाला, तिथंच दुखणं आहे.

तुमच्या पंख्याच्या मधोमध जो जाड डबा दिसतो, तोच पंख्याचा क्लच (गिअरचा क्लच वेगळा). त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. डब्याच्या तोंडावर धातूच्या पट्टीची गुंडाळी असते. रेडिएटरमधून आलेली गरम हवा तिला लागली की ती वळते, आतली झडप उघडते, तेल चकत्यांच्या खाचांत शिरतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात ओढला जातो. घोंगाट येतो तो तेव्हा. गार झालं की तेल मागे जातं, पंखा सैल फिरतो. तेल गळून गेलं तर तो कायमचाच सैल. सपाटीला समोरचा वारा निभावून नेतो, म्हणून तिथं कळत नाही.

खात्री घरीच करता येईल. गाडी रात्रभर उभी असली की सकाळी स्टार्ट केल्यावर असे बहुतेक पंखे मिनिटभर घोंगावतात, मग शांत होतात. तुमचा घोंगावतो का ऐका. नंतर घाट चढून आल्यावर इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि पातं हातानं फिरवा. जड लागलं पाहिजे. एका झटक्यात दोन-तीन फेरे गरगरलं, किंवा डब्याभोवती तेलकट धूळ दिसली, तर क्लच गेला. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका.

आता इलेक्ट्रिकचं. तो वाईट नाही. मारुती ८०० चं इंजिन आडवं, त्याचा पट्टा रेडिएटरसमोर पंखा फिरवूच शकत नाही, तिथं तोच हवा. बाजारात गाडी तासभर रांगेत उभी राहणार असेल तरी तो सरस, कारण इंजिन मंद असलं तरी त्याचा वेग कमी होत नाही. पण घाटात खालच्या गिअरला गाडी हळू चढते, वारा नसतो, इंजिन मात्र जोरात फिरत असतं. नेमकं तेव्हाच क्लचचा पंखा सर्वांत जास्त हवा ओढतो. २५ अँपिअर घेणारी मोटर म्हणजे साधारण ३०० वॅट, अर्धा हॉर्सपॉवरसुद्धा नाही. तुमचा मोठा पंखा पूर्ण जुळला की इंजिनाची काही हॉर्सपॉवर खातो, आणि हवाही तशीच देतो. ॲव्हरेजचं म्हणाल तर चांगला क्लच सपाटीला सैलच असतो, त्यामुळे फरक फार पडणार नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका वडापवाल्याच्या जीपला असा बदल करून दिला होता. गावात महिनाभर छान चालली. मे महिन्यात भरल्या गाडीनं घाट चढताना रिलेचा, म्हणजे पंखा चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, होल्डर वितळला, पंखा थांबला, आणि त्याला कळलं ते वाफ दिसल्यावर. इंजिनाच्या हेडखालची पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, गेली. वायर मी बारीक वापरली होती. गॅस्केटचा खर्च मी दिला, पण त्याचे सीझनचे आठ दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून घाटातल्या डिझेल गाडीचा चांगला पंखा मी काढत नाही.

तेव्हा क्लच बदला. सोबत पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे का बघा. ते तुटलं असेल तर पंखा तीच ती गरम हवा घुसळत बसतो. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये कोकणातला लाल चिखल अडकतो, तो इंजिनाच्या बाजूनं हलकं पाणी मारून बाहेर काढा. पंखा पुढे-मागे डुगडुगत असेल तर वॉटर पंपाचं बेअरिंगही तपासून घ्या.

नवा क्लच आणलात की बसवेपर्यंत गाडीत असतो तसा उभाच ठेवा. आडवा टाकून ठेवला तर तेल झिरपतं, आणि नवा माल बसवायच्या आधीच खराब होतो.