रोज सकाळी २०१७ साल उजाडतं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचा घरचा संगणक जुना झालाय, पण काम चोख करतो. गेला महिनाभर मात्र सकाळी सुरू केला की तारीख १ जानेवारी २०१७ दिसते आणि रात्रीचे बारा वाजलेले असतात. मी हाताने वेळ लावतो, दिवसभर ती बरोबर चालते. रात्री संगणक बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करतो, आणि सकाळी पुन्हा २०१७. तारीख चुकलेली असली की मेल उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. दुरुस्तीवाले म्हणाले, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. त्यात वडिलांचे सगळे फोटो आहेत. काय करू?

उत्तर : दादा, फॉरमॅट करू देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यात व्हायरसचं एकही लक्षण मला दिसत नाही. ‘भिंतीवरचं बटणही बंद करतो’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण दुखणं तिथेच सापडतं.

संगणकात दोन घड्याळं असतात. पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं ते विंडोज चालवतं, आणि ते संगणक सुरू असेपर्यंतच. दुसरं मदरबोर्डवर, म्हणजे संगणकातल्या मुख्य बोर्डावर असतं, ते रात्रंदिवस चालतं. सकाळी विंडोज जागं झालं की आधी त्याला वेळ विचारतं. या घड्याळात क्वार्ट्‌झचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, आणि तोच घड्याळाचा एक सेकंद. संगणक बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेल तर घड्याळ त्या विजेवर चालतं. बटण बंद केलंत की त्याला आधार उरतो तो मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. तुमचा तो सेल संपलाय. घड्याळ रात्री थांबतं आणि सकाळी कंपनीने भरून ठेवलेल्या तारखेपासून नव्याने मोजायला लागतं.

पडताळा सोपा आहे. आज रात्री संगणक नेहमीसारखा बंद करा, भिंतीवरचं बटण मात्र चालू ठेवा. सकाळी तारीख बरोबर असली, तर सेलच गेलाय असं समजा. काहीही न उघडता हे कळतं.

मेलचं कोडंही याच तारखेमुळे आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं नोंदलेलं असतं. तुमचा संगणक २०१७ मध्ये बसलाय, त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो दार उघडत नाही. इंटरनेटवरून वेळ आपोआप का सुधारत नाही, असंही तुमच्या मनात आलं असेल. घरगुती संगणकावर फरक १५ तासांहून जास्त असला तर विंडोज आपणहून वेळ बदलत नाही, तशी मर्यादाच त्यात घातलेली आहे. तेव्हा आधी तारीख आणि वेळ हाताने लावा, टाइम झोन बरोबर आहे ना ते बघा आणि मग तिथलंच वेळ जुळवण्याचं ‘सिंक नाऊ’ बटण दाबा. या महिन्याभरात वेळ लावण्याआधी ज्या फायली तुम्ही सेव्ह केल्या असतील, त्यांच्यावरही २०१७ चीच तारीख पडलेली असणार. त्या शोधताना हे ध्यानात ठेवा.

आता सेल बदलण्याचं. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो. यातले २० म्हणजे व्यास, २० मिलिमीटर. आणि ३२ म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ दिसायला अगदी तसाच, पण पातळ. तो खाचेत सैल बसतो. म्हणून जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा आणा. मल्टिमीटर असेल तर जुना सेल तपासून बघा. कोऱ्या सेलवर काटा ३ व्होल्टच्या किंचित वर जातो. अडीचच्या आसपास रेंगाळला तर सेल संपला.

उघडण्याआधी फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. सेल बदलल्याने फोटो जात नाहीत, पण वडिलांचे फोटो एकाच डिस्कवर आहेत हे वाचूनच मला धडकी भरली. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. सेल काढला की तिथल्या काही सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. डिस्क वाचण्याची पद्धत बदलली तर विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजने लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, ती मागितली जाऊ शकते.

मग प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज बोर्डाला लागणार नाही. सेलच्या कडेला एक छोटी क्लिप असते. ती मी लाकडी काडीने बाजूला सारते; स्क्रूड्रायव्हर घसरला तर बोर्डावर ओरखडा पडतो. क्लिप सरकली की सेल स्वतःच उचलला जातो. आडव्या खाचेत नवा बसवताना अधिक (+) खुणेची बाजू वर ठेवा. लॅपटॉप असता तर तुम्हाला हे करायला सांगितलं नसतं. त्यात सेल कधी वायरीवर असतो, कधी डाग दिलेला, आणि काहींत तो नसतोच.

जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. संपलेल्या सेलमध्येही तेवढा जोर उरलेला असतो. असं झाल्याची शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

फॉरमॅटबद्दल मी इतकी आग्रहाने लिहितेय त्याला कारण आहे. माझ्या वहिनीच्या संगणकाची तारीख अशीच मागे जायची. एका दुरुस्तीवाल्याने तो फॉरमॅट करून दिला. भाचा वर्षाचा होईपर्यंतचे सगळे फोटो त्यात होते. आठ दिवसांनी तारीख पुन्हा मागे गेली, तेव्हा मी कॅबिनेट उघडलं. सेल बदलल्यावर घड्याळ सुधारलं, फोटो मात्र परत आले नाहीत.

प्रश्न : माझ्या संगणकाचं घड्याळ महिन्याला पाऊण मिनिट पुढे जातं. सेल बदलावा का?

उत्तर : नको. स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक चालते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. महिन्याची बेरीज तुमच्या पाऊण मिनिटाच्याच आसपास येते. वेळ आपोआप लावण्याचं बटण बंद पडलेलं दिसतंय. ते चालू करा. मग विंडोज मधूनमधून स्वतःच वेळ जुळवून घेतं.

प्रश्न : मी एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरते. लिनक्समधून विंडोजमध्ये आले की वेळ काही तासांनी चुकते, आणि फरक दर वेळी तोच असतो.

उत्तर : फरक दर वेळी तोच, म्हणजे सेल ठणठणीत आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ. दोघं आळीपाळीने एकाच घड्याळाचा वेगवेगळा अर्थ लावतात. तुमची स्थानिक वेळ जागतिक वेळेपासून जितकी दूर, नेमका तितकाच फरक पडतो ना, एवढं ताडून बघा. तसं असेल तर लिनक्सला ‘मदरबोर्डवरची वेळ स्थानिक धर’ असं एका आज्ञेत सांगता येतं. बदल दोघांपैकी एकातच करा, नाहीतर चूक उलट्या बाजूला जाईल.