वहीतली कोरी पानं

"मॅडम, डाएट करून उतरवलं तरी ९५ टक्के लोकांचं वजन परत वाढतंच. मग मी कशाला जिवाचा आटापिटा करू?" ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं.

बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई (ओळखीचे तपशील बदललेत) दोनदा अकरा किलो उतरवून दोन्ही वेळा होत्या तिथेच आल्या होत्या. मी विचारलं, "हा आकडा आला कुठून?"

"सगळेच म्हणतात."

त्यासाठी बहुतेकदा १९५९ सालच्या एका अभ्यासाचा दाखला देतात. स्टंकार्ड आणि मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कच्या दवाखान्यातले १०० रुग्ण पाहिले. त्यांना आहाराचा कागद देऊन घरी पाठवलं होतं, पुढे फारसं कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी दोघांचंच वजन उतरलेलं राहिलं. पण 'लुक अहेड' या मोठ्या अमेरिकन अभ्यासात मधुमेहींना वर्षानुवर्षं साथ मिळाली, तेव्हा आठ वर्षांनंतरही जवळपास निम्म्यांचं वजन सुरुवातीपेक्षा किमान ५ टक्के कमी होतं. अवघड आहेच, वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं, ऊर्जा जपून वापरतं. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. माणूस परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलच्या ठाम समजुतीने जास्त अडतो, या विचारावर मी वीस वर्षं काम करतेय.

चौथ्या भेटीत ताई पुरावा म्हणून वजनाची वही घेऊन आल्या. दर रविवारचा आकडा, निळ्या शाईत. मी पानं उलटत गेले. एका रविवारनंतर नोंदच नाही. कोरी पानं, मध्येच गिरणीवाल्याचा हिशेब.

"इथे काय झालं?"

"भाचीचं लग्न. त्याच्यासाठीच तर डाएट होतं."

"आणि लग्नानंतर?"

बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिल्या. "संपवलं मी ते. संध्याकाळचं तलावपाळीला चालणंपण." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मला जमत नव्हतं असं नाही. मी शेवटची तारीखच ठरवून ठेवली होती."

हे त्यांच्या तोंडून यावं म्हणूनच मी चार भेटी थांबले होते.

तुम्हालाही सांगते: लग्न, सण, वाढदिवस अशी मुदत घालू नका. जन्मभर खाता येईल एवढाच बदल ताटात करा. चालणं सोडू नका. आठवड्यातून एकदा वजन करा. दोन किलो वाढले की तेव्हाच हालचाल करा, दहाची वाट बघू नका. थायरॉइड, औषधं यांचा संशय असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

दिवाळीनंतर ताई आल्या. आठशे ग्रॅम वाढले होते. वहीत लिहिलं होतं, निळ्या शाईत, आणि त्याखाली पुढच्या रविवारची तारीख.