डीएनए बिघडला की कॅन्सर होतोच का? (आजी पुण्यात रोज मिश्री लावते)

एका बिघाडाने होत नाही. आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए रोज हजारो ठिकाणी दुखावतो आणि बहुतेक वेळा दुरुस्तही होतो. दुरुस्ती हुकली आणि पेशी तशीच विभागली, तर ती चूक पुढच्या पेशींत कायमची उतरते.

धोका ठराविक जनुकांतल्या, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्यांतल्या, चुकांचा. 'रास' जनुक बदललं तर पेशीला वाढायचा हुकूम सतत मिळत राहतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं जनुक टीपी५३: बिघडलेल्या पेशीला थांबवणं किंवा मारून टाकणं हे त्याच्या पी५३ प्रथिनाचं काम, आणि जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये तेच बिघडलेलं सापडतं. असे अनेक बदल एकाच पेशीच्या वंशात साचायला दशकं लागतात, म्हणून उतारवयात धोका जास्त.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या नायट्रोसामाइन्स या घातक रसायनांपासून बनणारी द्रव्यं डीएनएला चिकटतात आणि त्याची नक्कल होताना चुका होतात. हिरडीवर हे रोज घडतं. दातांसाठी चांगली म्हणून अजून कितीतरी बायका ती लावतात, याचं फार वाईट वाटतं.

घराण्यातून आलेल्या दोषामुळे होणारे कॅन्सर ५ ते १० टक्केच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो, तो पी५३ प्रथिनच नष्ट करवतो. त्यावरची सर्व्हाव्हॅक लस पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटची आहे, घरातल्या मुलींना जरूर द्या.

आजीची मिश्री सोडवाच. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर लगेच दाताच्या डॉक्टरांना दाखवा.