लंडन ते पॅरिस: अंतर किती, विमानाला वेळ किती?

तुम्ही विचारलंय की लंडन ते पॅरिस अंतर किती, विमानाला किती वेळ लागतो आणि सकाळी निघून दुपारी दोनपर्यंत पॅरिसमध्ये पोचता येईल का.

सरळ रेषेत दोन्ही शहरांमध्ये सुमारे ३४४ किलोमीटर आहेत. लंडनचा हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गॉल हे विमानतळ धरले तर ३४८ च्या आसपास. रस्त्याने साधारण ४६०, रेल्वेने ४९२.

ताशी ८०० किलोमीटरने भागून २६ मिनिटं काढू नका. एवढ्याशा अंतरात बहुतेक वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. हवेत पाऊण तास, पण तिकिटावर सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं दिसतील. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर गेटपर्यंतचा लांब रस्ता त्यातच धरलेला असतो. परतताना हीथ्रोच्या आसपास विमानांना घिरट्या घालत थांबवतात, तिथेही दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात आणि पॅरिसचं घड्याळ वर्षभर एक तास पुढे असतं. म्हणून १०:०० ला निघून १२:२० ला पोच दिसते, आणि परतीच्या तिकिटावर १०:०० ते १०:२०! बरेच जण इथेच गोंधळतात. तुमचे दुपारचे दोन म्हणजे लंडनचा एक.

आता साडेनऊचं विमान धरा. मध्य लंडनमधून साडेसहाला निघायचं, साडेसातपर्यंत हीथ्रो. पॅरिसला ११:५० ला उतरलात, तरी पासपोर्टची रांग, सामान आणि आरईआर बी या लोकल गाडीने गार दु नोर स्टेशन हे सगळं धरून शहरात पोचायला दीड-दोन तास जातात. दोन गाठता येतील, पण विमानाला तासभर उशीर झाला की संपलं.

मी तुम्हाला युरोस्टार, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वेच सुचवेन. लंडनचं सेंट पँक्रास ते पॅरिसचं गार दु नोर सुमारे सव्वादोन तास, दोन्ही स्थानकं शहराच्या आत. स्टेशनवर सव्वा ते दीड तास आधी पोचा. गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधी गेट बंद होतं आणि मग कुणाचंही ऐकत नाहीत. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, त्यामुळे पॅरिसला उतरलात की थेट मेट्रोत. द्रवपदार्थांना १०० मिलीची अटही नाही. साडेनऊच्या सुमाराची गाडी घेतलीत तर एकच्या आत पॅरिसमध्ये असाल. तिकीट मात्र आधी काढा, आयत्या वेळी फार महाग पडतं.

तरीही विमानच घ्यायचं असेल तर विमानतळाचं नाव नीट वाचा. स्वस्त तिकीट बोव्हेचं निघालं तर ते पॅरिसपासून ८० किलोमीटरवर आहे, बसला सव्वा तास. लंडनचे ल्यूटन आणि स्टॅनस्टेड हे विमानतळही शहरापासून बरेच लांब.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. तो सिंगल एंट्री असेल तर पॅरिसहून लंडनला परतलात की संपला. पुढे पुन्हा युरोपात कुठे जायचं असेल, तर अर्जातच मल्टिपल एंट्री मागा.